लिथियमचं उत्तर

"मामा, चाव्या टेबलावर ठेवा," मी म्हणाले.

प्रयोगशाळेच्या परिचरांनी, तोडकर मामांनी, पट्ट्याला अडकवलेला जुडगा काढला. प्रयोगशाळेची, वजनकाट्यांच्या बॅलन्स रूमची, ॲसिडच्या कपाटाची आणि काचसामानाची, अशा चार चाव्या. अकरा वर्षांत तो जुडगा त्यांच्या अंगावरून उतरलेला कोणी बघितला नव्हता.

"काय झालं मॅडम? काय फुटलं का?"

"फुटलं. पेपर फुटला."

मगदूम सर प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या खुर्चीत पाय पसरून बसले होते. ते आमच्या ज्युनियर कॉलेजचे उपप्राचार्य आणि रसायनशास्त्राचे प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षांपूर्वी लागलेली, अजून कायम न झालेली इंगवले मॅडम. वय सव्वीस. आणि स्वतःला फार हुशार समजणारी, हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला आश्चर्य वाटायला नको.

कोल्हापूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. शहाण्णव सालचा जानेवारी, शुक्रवारची दुपार. बारावीची पूर्वपरीक्षा संपून चार दिवस झाले होते. रसायनशास्त्राचा पेपर मी काढला होता आणि त्यात तीन मार्कांचं एक गणित घातलं होतं. लिथियमचे दोन आयसोटोप असतात. धातू एकच, पण त्याचे काही अणू जड आणि काही हलके. निसर्गात सापडणाऱ्या शंभर अणूंत ९२.४१ जड आणि ७.५९ हलके. सगळ्यांच्या वजनाची मिळून सरासरी ६.९४. जडाचं वजन ७.०१६ दिलेलं आहे, तर हलक्याचं काढा. एवढंच गणित.

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नसे. पोरांना लॉग टेबल वापरावं लागे. आणि लॉग टेबल चार आकड्यांचं, त्यामुळे गुणाकारात पुढचे आकडे गळून जातात. नेहमीच्या रीतीनं, म्हणजे जडाचं वजन गुणिले त्याचं प्रमाण, ते सरासरीतून वजा, उरलेल्याला हलक्याच्या प्रमाणानं भागायचं, असं केलं की उत्तर येतं ६.०२. गणित बरोबर केलेल्या सगळ्या पोरांचं उत्तर तेच होतं. बाकीच्यांची उत्तरं काय सांगावीत! एकाचा हलका आयसोटोप जडापेक्षा जड निघाला होता.

मी मात्र आदर्श उत्तरपत्रिका घरी बसून भावानं दिलेल्या नव्या कॅल्क्युलेटरवर केली होती. माझं उत्तर होतं ६.०१४७. ती उत्तरपत्रिका पाकिटात घालून, डिंकानं चिकटवून मी परीक्षेच्या दोन दिवस आधी बॅलन्स रूमच्या कपाटात ठेवली होती. त्या खोलीची चावी तोडकर मामांकडे.

आणि बावन्न पेपरांत एका पेपरावर, फक्त एका ओळीत, लिहिलं होतं: ७.०१६ − १.००१३ = ६.०१४७.

पेपरावर नाव होतं वैजयंता दादू तोडकर. मामांची मुलगी.

मी ते बघितलं आणि माझ्या अंगात हुशारीचं वारं शिरलं. पुस्तकात लिथियमच्या हलक्या आयसोटोपचं वजन ६.०१५ असं छापलेलं. लॉगनं येतं ६.०२. ६.०१४७ हा आकडा जगात दोनच ठिकाणी होता, माझ्या पाकिटात आणि या पोरीच्या पेपरावर. आणि तो १.००१३? तो तर मी लगेच ओळखला. आमच्याकडे प्रॅक्टिकलला त्याला रीडिंग बसवणं म्हणतात. उत्तर आधी माहीत करून घ्यायचं, मग मागं मागं जाऊन त्याला शोभेलसा आकडा वहीत लिहायचा. मी शिकताना हेच केलं होतं. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. पोरीनं ७.०१६ मधून चोरलेलं उत्तर वजा केलं, जो आकडा आला तो मधे लिहिला, झालं. आणि तोडकर मामा तर रीडिंग सांगण्यात प्रसिद्धच होते. ब्युरेटची काचेची नळी हातात धरून घाबरलेल्या पोरांना ते हळूच सांगत, "नऊ पॉइंट आठ लिव्हा, दरसाली तेवढंच येतंय."

मी कपाट उघडून पाकीट बघितलं. एका कोपऱ्यात त्याचा डिंक सुटला होता. आमच्या ऑफिसातला डिंक कुठेच धड चिकटत नव्हता, हे मला माहीत होतं. तरी तो सुटलेला कोपरा मी पुरावा म्हणून धरला.

त्याच दिवशी तिसऱ्या तासाला मी वैजयंताला वर्गात उभं केलं. उंच, सावळी, दोन वेण्या वर बांधलेली, शेवटच्या बाकाच्या कडेला बसणारी मुलगी.

"हे उत्तर कुठून आणलंस?"

"काढलं, मॅडम."

"लॉग टेबलनं काढलंस?"

"न्हाई. ते जड हाय न्हवं, त्यातनं सरासरी किती..."

"लॉग टेबलनं काढलं नाहीस ना? मग खाली बस."

वर्ग हसला. तिचं वाक्य मी तिथं तोडलं. ते पुरं व्हायला फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. गेली किती वर्षं मी त्या अर्ध्या मिनिटाचा हिशेब स्वतःला विचारते आहे, आणि दर वेळी तितकीच चिडते.

तर शुक्रवारी दुपारी मामा आमच्यापुढे उभे होते आणि जुडगा टेबलावर होता.

मगदूम सर म्हणाले, "तोडकर, उत्तरपत्रिका तुमच्या ताब्यातल्या कपाटात होती. तुमच्या मुलीच्या पेपरात त्यातला आकडा जसाच्या तसा आहे. आता तुम्हीच सांगा."

"मी पाकिटाला हात लावला न्हाई, सर. देवाशपथ."

"मग पोरीनं लावला असेल. शर्ट खुंटीला असतो, चावी पट्ट्याला असते, घरात काय अवघड आहे? शेवटी संस्कार घरचेच." मग आवाज न चढवता ते पुढं म्हणाले, "तिचं हॉल तिकीट मी देणार नाही. या वर्षी बोर्डाला बसणार नाही ती. पुढच्या वर्षीही प्रवेश द्यायचा की नाही ते संस्था ठरवेल."

मामांचा चेहरा एकदम उतरला. त्यांच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच होती. पहाटे डेअरीवर आईला मदत करून, पाच किलोमीटर सायकल मारून ती कॉलेजला येई. हे सगळं आम्हाला माहीत होतं. माहीत असूनही आम्ही तिथं तसे बसलो होतो.

मामा माझ्याकडे वळले. "मॅडम, लॉग टेबलनं ते उत्तर येतच न्हाई?"

"येतच नाही."

"आणि नुसतं डोस्क्यानं?"

"मामा, कुणाच्याही डोक्यानं नाही येत. कॅल्क्युलेटर लागतो."

त्यांनी मान खाली घातली. भिंतीवरच्या घड्याळाखाली डिस्टिल्ड वॉटरचा नळ ठिबकत होता. त्याखाली भांडं सरकवायला ते सवयीनं दोन पावलं गेले, भांडं सरकवलं आणि परत आले.

"मीच दावलं," ते म्हणाले. "पाकीट मीच उघडलं. पोरीनं मागितलं न्हवतं. मीच तिला म्हणलं, एवढं बघून ठेव. तिचा काय दोष न्हाई. तिला बसू द्या परीक्षेला."

मगदूम सर माझ्याकडे बघून हसले. "बघा. निघालं की नाही?"

मीही हसले. ते हसणं मला आठवतं आणि आपल्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"लिहून द्या," सर म्हणाले. "मॅडम, तुम्ही मजकूर सांगा. यांना जमणार नाही."

मामांकडे पेन नव्हतं. मी पर्समधून माझं दिलं. "मी दादू भैरू तोडकर, प्रयोगशाळा परिचर, लिहून देतो की..." मी सांगत गेले, ते एकेक अक्षर ठासून लिहीत गेले. "स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय" हे शब्द मी मुद्दाम घातले. कुठल्यातरी कागदावर वाचले होते, भारदस्त वाटले होते. त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही हातांनी मला परत दिलं.

सरांनी कागद केबिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवायला घेतला. सोमवारी संस्थेची बैठक होती. "मुलीचं बघू आपण," ते मामांना म्हणाले. "तुमचं मात्र कठीण आहे."

"माझं ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले.

शनिवारी सकाळी अर्धा दिवस कॉलेज असे. साडेसातला मी प्रयोगशाळा उघडत होते. चावी लावायची सवय नसल्यानं कुलूप जमत नव्हतं. मागून आवाज आला, "जरा वर उचलून फिरवा, मॅडम."

वैजयंता उभी होती. तिच्या ओढणीला दुधाचा वास येत होता. डोळे सुजलेले नव्हते, ती रडलेली नव्हती. ती चिडलेली होती, आणि शिक्षकासमोर चिडायचं कसं हे माहीत नसल्यानं दोन्ही हात मागं बांधून उभी होती.

"मॅडम, मी चोरलं न्हाई. गणित करून दावते. मग काय ते बोला."

"वैजयंता, आता त्याचा उपयोग नाही. तुझ्या वडिलांनी कबूल केलंय."

"काय कबूल केलंय?"

"पाकीट उघडून त्यांनी तुला उत्तर दाखवलं. लिहून दिलंय तसं."

तिला हे माहीत नव्हतं. मामांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "बाबांनी लिहून दिलं? मी चोरलं म्हणून?"

"तू नाही. त्यांनी दाखवलं म्हणून."

"एकच झालं की."

कुलूप उघडलं तशी ती आत शिरली आणि तिनं खडू घेतला. मी थांबवायच्या आत ती फळ्यापाशी गेली. माझ्याकडे पाठ करूनच बोलू लागली, आणि त्या बोलण्यात "मॅडम" हा शब्द नव्हता.

"आमच्या डेअरीवर आई दुधाला फॅट लावती, म्हंजी मोजती. म्हशीचं दूध सात फॅटचं येतंय. एखाद्याचा कॅन सहा पॉइंट सात लागला. त्यानं गाईचं दूध दहावा हिस्सा मिसळलंय, हे आपल्याला ठाव हाय. तर मिसळलेलं कसलं हाय ते काढायचं. आता सगळ्या कॅनचा गुणाकार कोण करत बसतंय? सातावरनं खाली किती आलं तेवढंच बघायचं. तीन दशांश खाली आलं. एका हिश्श्यानं अख्खा कॅन तीन दशांशानं खाली वढला, म्हंजी तो हिस्सा त्याच्या धा पट खाली असणार. तीन. सातातनं तीन गेलं, चार. गाईचं दूध."

तिनं फळ्यावर ७.०१६ लिहिलं, खाली ६.९४. वजाबाकी ०.०७६. "जडापास्नं सरासरी एवढी खाली आली. ती कुणी आणली? हलक्यानं. हलकं किती? शंभरात सात पॉइंट पाच नऊ." ०.०७६ भागिले ०.०७५९. "दोन्ही जवळजवळ सारखंच. भागाकार एकाच्या जरा वर. हातानंच झाला. एक पॉइंट शून्य शून्य एक तीन. जडातनं तेवढं काढलं की हलकं." ७.०१६ − १.००१३ = ६.०१४७.

मी फळ्याकडे बघत बसले. एवढं सरळ होतं. आम्ही सगळे, माझे शिक्षक, त्यांचे शिक्षक, मगदूम सर, मी, पिढ्यान्पिढ्या तो मोठा गुणाकार करत आलो होतो आणि त्या गुणाकारातच आकडे सांडत होतो. ही मुलगी तो गुणाकारच करत नव्हती, म्हणून तिचं काही सांडलं नव्हतं.

आणि तरी, इतकं समोर दिसत असूनही, माझा अहंकार लगेच मेला नाही. मी म्हणाले, "थांब. दुसरं देते." बोरॉन. सरासरी १०.८१, जड ११.००९, हलके शंभरात १९.९. मी पर्समध्ये कॅल्क्युलेटर शोधत होते.

"दहा पॉइंट शून्य शून्य नऊ," ती म्हणाली.

"एवढ्यात?"

"खाली आलं शून्य पॉइंट एक नऊ नऊ, आणि हिस्सा बी तेवढाच. म्हंजी बरोबर एक. अकरातनं एक गेला."

कॅल्क्युलेटरवर मी माझ्या रीतीनं केलं. १०.००९.

"काल वर्गात हे सांगत हुतो," ती म्हणाली. चिडली की ती गावातल्या बायांसारखं 'हुतो' बोलायची. "तुमी बस म्हणला."

मी मगदूम सरांच्या केबिनकडे जवळजवळ पळतच गेले. ती माझ्या मागून आली. मी तिला बाहेर थांब म्हटलं नाही, एवढं एकच काम त्या दोन दिवसांत मला नीट सुचलं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. कागदावर गणित करून दाखवलं तेही बघितलं. मग चष्मा काढून पुसला.

"पद्धत चांगली आहे," ते म्हणाले. "कुठल्यातरी गाईडमध्ये असेल."

"सर, हे माझ्यासमोर केलं तिनं. बोरॉनचं तोंडी केलं. पाकीट उघडायची तिला गरजच नव्हती."

"बरं, नसेल. पण मग तोडकरनं लिहून का दिलं? निर्दोष माणूस असं लिहून देतो? स्वखुशीने, दबावाशिवाय. तुमचेच शब्द आहेत ना?"

"पोरीचं हॉल तिकीट अडवणार म्हणालात म्हणून दिलं त्यांनी."

"असं तुम्ही म्हणता. कागद तसं म्हणत नाही." त्यांनी आवाज खाली आणला, जणू वैजयंता तिथं नव्हतीच. "हे बघा इंगवले, मुलीला तीन मार्क देऊन टाका. हॉल तिकीटही देऊ. विषय संपला. संस्थेच्या लोकांना मी सांगून बसलोय की माणूस सापडला. आता सोमवारी जाऊन काय सांगू, आमच्या मॅडमना गणित आलं नाही?"

"हो. तेच सांगा."

"तुम्ही कायम व्हायच्या आहात अजून," ते म्हणाले.

तेवढ्यात तोडकर मामा दारात आले. हातात सरांचा चहा होता. चाव्या काढून घेतल्यावर त्यांना ऑफिसच्या कामाला लावलं होतं. मुलीला बघून ते दारातच थांबले.

वैजयंता त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. कप त्यांच्या हातातच होता.

"तुमी पाकीट उघडलं हुतं?"

मामांनी नकारार्थी मान हलवली.

"न्हवतं उघडलं. मग खोटं का लिव्हलं?"

"तुझं वरीस वाया गेलं असतं, पोरी."

"म्हंजी तुमाला बी वाटलं मी चोरलं?"

"तसं न्हाई..."

"मग कसं? तुमच्या पट्ट्याची चावी काढली मी? अशी हाय मी? सांगा की."

मामांनी कप सरांच्या टेबलाच्या कडेला ठेवला. मग माझ्याकडे बोट केलं. त्यात तक्रार नव्हती. एखादी माहीत असलेली वस्तू दाखवावी तसं त्यांनी बोट केलं.

"मॅडम म्हणल्या, कुणाच्याच डोस्क्यानं येत न्हाई," ते म्हणाले. "मी दोनदा इचारलं. मला कुठं गणित कळतंय, वैजंता? मॅडमनी सांगितलं म्हंजी तसंच असणार. मग मला वाटलं, घेतली असंल चावी. ल्हान हाय, चुकली असंल."

बापाकडे बघणं तिनं थांबवलं आणि खिडकीबाहेर बघू लागली.

मला आयुष्यात पुष्कळदा राग आला आहे, पण तसा पुन्हा आला नाही. मगदूम सरांचा तर आलाच. चहाचा घोट घेत होते ते. पण खरा राग आला तो स्वतःचा. अठरा वर्षं आपल्या पोरीला ओळखणाऱ्या माणसानं, दोन वर्षांच्या माझ्या ओळखीवर, माझा शब्द तिच्या शब्दाच्या वर ठेवला होता. आणि माझा शब्द चुकीचा होता.

मी सरांचा ड्रॉवर उघडला. "इंगवले," ते म्हणाले, "काय करताय?" मी कागद काढला, त्यांच्याच टेबलावर ठेवला आणि मामांच्या सहीखाली लिहिलं: "वरील मजकूर मी सांगितला. तो खोटा आहे. तोडकरांनी मुलीचे वर्ष वाचवण्यासाठी सही केली. उत्तर मुलीने स्वतः काढले आहे. ते काढता येते हे मला माहीत नव्हते." तारीख घातली, सही केली.

"आता दाखवा संस्थेला," मी म्हणाले.

सरांनी कागद वाचला, घडी घातली. "हा आता कुणाच्याच कामाचा राहिला नाही," ते म्हणाले. "तुमच्या तर नाहीच."

तो कागद बैठकीपर्यंत गेला नाही. तोडकर मामांची नोकरी राहिली. माझी जूनमध्ये गेली. काम समाधानकारक नाही, असं एका ओळीत कळवलं होतं. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. त्या वर्षीचं माझं काम समाधानकारक नव्हतंच.

सोमवारी पहिल्या तासाला मी लिथियमचं गणित फळ्यावर मांडलं, आधी माझ्या रीतीनं, मग तिच्या. वर्गाला सांगितलं की शुक्रवारी मी वैजयंता तोडकरला चोर ठरवलं, ते मला गणित येत नव्हतं म्हणून. कुणी हसलं नाही. तास संपल्यावर मी तिला तिचा पेपर दिला. तीनपैकी तीन मार्क लाल पेनानं लिहिले होते आणि शेजारी सही केली होती.

तिनं तो बघितला आणि परत माझ्या हातात दिला.

"बाबांना दावा," ती म्हणाली. "माझं त्यांना पटत न्हाई. तुमचं पटतंय."

पुन्हा प्रयोगशाळेत आलेले मामा ब्युरेट धूत होते. मी पेपर टेबलावर पसरला आणि गणित समजावून सांगू लागले. सरासरी, प्रमाण, जड, हलका. ते ब्युरेटसकट ओले हात पाठीमागं धरून ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मी एकदा सांगितलं. मग पुन्हा सांगितलं.

"कळलं का, मामा?"

"व्हय की," ते म्हणाले. "तुमी म्हणताय म्हंजी बरोबरच असंल."

मला ओरडावंसं वाटलं. दोन दिवसांत एवढं सगळं होऊन ते पुन्हा माझ्याच शब्दावर येऊन थांबले होते.

वैजयंता दारात उभी होती. तिनं ते ऐकलं. शनिवारपासून ती त्यांच्याशी बोललेली नव्हती, हे मला नंतर कळलं. ती आत आली, त्यांच्या हातातली ब्युरेट काढून स्टँडला लावली आणि म्हणाली, "त्यांचं ऱ्हाऊ द्या. माझं ऐका. सात फॅटचं दूध हाय. कॅन लागला सहा सात. दहावा हिस्सा मिसळलंय. मिसळलेलं कितीचं?"

मामा रोज पहाटे त्या डेअरीवर कॅन उचलत. त्यांनी क्षणभरही विचार केला नाही.

"चार. गाईचं हाय ते."

"कसं काढलं? लॉग टेबलनं?"

"लॉग टेबल कशाला? तीन दशांश खाली आलं, एका हिश्श्यानं वढलं..." ते थांबले. पेपराकडे वळले. ओलं बोट त्यांनी ७.०१६ खाली ठेवलं, मग १.००१३ खाली, मग उत्तराखाली. शाई थोडी पसरली. ओठ हलत होते. मग त्यांनी पोरीकडे बघितलं. त्या दोन दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे सरळ बघितलं असावं.

"हे एवढंच हुतं?"

"एवढंच हुतं."

"हे मला येतंय की."

"येतंय."

ते स्टुलावर बसले. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मग आपल्या उजव्या हाताकडे.

"मग मी सही कशाला केली?" मामा म्हणाले.

वैजयंता माझ्याकडे वळली आणि त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला तिनं मला पुरेसा वेळ दिला. मी तिला वर्गात दिला होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त. ज्या पेनानं ती सही झाली होती, ते माझ्या पर्समध्येच होतं.